आईला ऐकू आलेलं विमान

पहिल्यांदा आवाज ऐकला तो आईने. ऑगस्टमधला शनिवार होता, आम्ही पुण्याहून साताऱ्याला मामाकडे निघालो होतो. खंबाटकी उतरून सुरूर मागे पडलं आणि मागच्या सीटवर बसलेली आई खिडकीला नाक लावून वर ढगांत बघायला लागली.

"विमान चाललंय का गं? केव्हाचं घोंघावतंय, दिसत मात्र नाही."

"असेल," म्हणाले आणि सोडून दिलं. नवऱ्याने गाणी लावली होती, पाऊस भुरभुरत होता, विमान असेल तर असो. आनेवाडीच्या टोलनाक्यावर गाडीचा वेग उतरला तसं विमानही उतरलं. नाका ओलांडून काटा पन्नासवर गेला आणि ते पुन्हा उडालं. आता मात्र मी गाणी बंद करायला लावली. घूंऽऽऽ असा एकसुरी, जाडसर आवाज. पाय उचलला की सूर खाली, दाबला की वर. आकाशात काहीही नव्हतं. विमान आमच्याच गाडीत होतं.

गाडी साधी, २०१५ची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर झालेली. आतापर्यंत तिने कधी त्रास दिला नव्हता, म्हणून मीही तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

मामा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. सगळी नोकरी बसच्या पोटाखाली गेली. जेवण झाल्यावर पानाची वाट न बघता म्हणाले, "चल, ट्रायल मारू." वाढे फाट्यापर्यंत जाऊन आलो. मामा मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते, गाण्याच्या बैठकीला बसावं तसे. परत आल्यावर निकाल लागला.

"आगं, डिफ्रन्शल बोलतंय. मागनंच येतोय आवाज. आयुष्य गेलं माझं त्यात."

आता मामांशी वाद घालायचा म्हणजे मोठाच प्रश्न. बसचं इंजिन पुढे, तिथून लांब शाफ्ट मागे जातो आणि डिफरन्शल, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी, मागच्या अ‍ॅक्सलमध्ये असतं. तिथे असा घूं आवाज आला की बहुतेक तेच बोलत असतं, मामांचं चुकलं नव्हतं. पण आमच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शल सगळं बॉनेटखाली एका गाठोड्यात बांधलेलं. मागे एक आडवा दांडा आणि दोन चाकं, बस. हे मी जमेल तितक्या नम्रपणे सांगितलं.

"मग आवाज मागनं का येतोय?" मामा म्हणाले.

प्रश्न बिनतोड होता. मलाही तो मागच्या उजव्या दारातून येतोय असंच वाटत होतं. आईला वरून, मामांना मागून, मला उजवीकडून. नवऱ्याला कुठूनच येत नव्हता. पुढे कळलं की आम्ही सगळेच चुकलो होतो. चाकाजवळ उठलेला आवाज पत्र्यातून, चॅसीतून फिरत जातो आणि जिथला पत्रा त्याला साथ देतो तिथे तो गातो. घरात नळाची पाइप एका मजल्यावर ठोठावते आणि शेजारची भिंत वाजते, तसंच. आवाज कुठून येतो हा प्रश्न कानाला विचारण्यात मी जवळजवळ तीन आठवडे घालवले.

त्यातला पहिला आठवडा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. तिथल्या अ‍ॅडव्हायजरने माझं ऐकून घेतलं, टॅबवर 'नॉइज' असं लिहिलं आणि विचारलं, "मॅडम, साहेबांनी चालवून बघितली का?" साहेब गाणी ऐकत होते, हे मी त्याला सांगितलं नाही. ट्रायलला तो गाडी घेऊन गेला ती सेंटरच्या मागच्या गल्लीत. तिथे तिसरा गिअर टाकायलाही जागा नाही. "नॉर्मल आहे मॅडम. टायरचा आवाज आहे. चारही टायर बदलले तर फरक पडेल." चार टायरचा अंदाज चोवीस हजारांचा. मी म्हटलं, आधी निदान बॅलन्सिंग-अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा तोल आणि दिशा, नीट करा. केलं. छापील रिपोर्ट मिळाला, सगळे चौकोन हिरवे, चारही चाकांपुढे शून्य ग्रॅम.

बॅलन्सिंगचा आग्रह मी का धरला, ते सांगायचं राहिलं. साताऱ्याहून परतताना आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग हातात थरथरत होतं. मोठं काही नाही, बोटांना मुंग्या येतात तेवढंच. आणि तिथेच माझी चूक झाली. घूं आवाज आणि थरथर ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत, असं मी न तपासता धरून चालले. डॉक्टरकडे ताप आणि गुडघेदुखी एकदम घेऊन गेलो की आपणच नाही का सांगत, "तापामुळे गुडघा दुखतोय"?

बॅलन्सिंगनंतर ना आवाज गेला ना थरथर. मधल्या काळात कामासाठी मुंबईला जाणं झालं, तेव्हा मात्र वाटलं की आवाज थांबला. थांबला कसला! एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर चारही टायर इतके गुणगुणतात की त्यात आमचं विमान हरवलं होतं. रस्ता आवाज निर्माण करतो तसा झाकतोही, हे तेव्हा कळलं. पुण्यात डांबरावर उतरले आणि ते पुन्हा हजर.

मग मी मला येतं ते करायचं ठरवलं. ऑडिटमध्ये वीस वर्षं गेली आहेत. कागदावर नाही ते घडलंच नाही, असं मानायची आमची जात. जुन्या डायरीच्या मागच्या पानावर रकाने आखले: वेग, गिअर, रस्ता, वळण, ब्रेक, एसी, आणि शेवटी आवाज व थरथर असे दोन वेगळे रकाने. हे दोन वेगळे रकाने मी शहाणपणाने आखले नव्हते. एका रकान्यात दोन्ही मावत नव्हतं, एवढंच. आता कुठून येतो हा प्रश्न सोडला. फक्त कधी येतो आणि कधी येत नाही, ते लिहायचं. नवऱ्याला गाणी बंद करून लेखनिक केलं.

पहिली परीक्षा गिअरची. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी साठचा वेग धरायचा, तिसऱ्या गिअरमध्ये आणि मग पाचव्यात. तिसऱ्यात इंजिनच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला तीन हजारांच्या आसपास, पाचव्यात दोन हजारांच्या खाली. इंजिनशी, फॅन बेल्टशी, अल्टरनेटरशी संबंध असता तर गिअर बदलताच आवाजाचा सूरही बदलायला हवा होता. तो तसूभरही हलला नाही. म्हणजे त्याचं नातं इंजिनशी नाही, वेगाशी, म्हणजे चाकांशी. बरेच जण हीच परीक्षा गाडी न्यूट्रल करून घेतात. तीही चालते, पण सरळ रस्त्यावर. आणि किल्ली बंद करायची नाही, स्टीअरिंगची पॉवर जाते, ब्रेकचा पेडल दगड होतो. घाटात तर न्यूट्रलचं नावच काढू नये.

ब्रेकच्या रकान्यात काही सापडलं नाही. ब्रेक दाबल्यावरच स्टीअरिंग हलत असतं तर डिस्क वाकडी झाली किंवा झिजून जाडजूड-पातळ झाली असं म्हणता आलं असतं. आमची थरथर ब्रेकला विचारत नव्हती. एसीलाही नाही. सिग्नलला उभ्या गाडीत एसी लावल्यावर सीट थरथरायला लागली आणि जरा अ‍ॅक्सिलरेटर दिला की थांबली, तर इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरी माउंटिंगवर इंजिन बसवलेलं असतं ते, बसलंय असं समजतात. तसंही नव्हतं.

मग वळणं. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो, एसटीत उभं असताना आपण कलंडतो तसाच. चाकाच्या बेअरिंगमध्ये, म्हणजे चाक ज्या गोळ्यांच्या कड्यावर फिरतं त्यात, दोष असेल तर भार आल्यावर ते जास्त ओरडतं आणि भार उतरला की शांत होतं. पुढच्या साताऱ्याच्या फेरीत मी महामार्गाची लांब, सौम्य वळणं त्यासाठी वापरली. उजव्या वळणावर विमान जवळ आलं, डाव्यावर लांब गेलं. परत येताना पुन्हा तेच. नवऱ्याने लिहिलं: 'उजवं वळण: मोठा. डावं वळण: अर्धा.' म्हणजे दोष डाव्या बाजूला. माझा कान तर छातीठोकपणे उजवीकडे म्हणत होता.

(खंबाटकीच्या बोगद्यात काच खाली करून ऐकलं, तेव्हा भिंतीवरून परतणाऱ्या आवाजात घूं फारच स्पष्ट आला. पण बोगद्यानंतरच्या त्या एस वळणावर कुणी कसलेही प्रयोग करू नयेत. तिथे किती अपघात झालेत ते त्या भागातल्या कुणालाही विचारा.)

डायरीची दोन पानं भरल्यावर रात्री चहा घेत बसले आणि दोन रकाने शेजारीशेजारी वाचले. आवाज पंचेचाळीसला सुरू, साठला स्पष्ट, ऐंशीला मोठा, शंभरच्या जवळ आणखी मोठा. थरथर मात्र ऐंशीपर्यंत नाहीच, नव्वदला पुरेपूर, आणि पंचाण्णवच्या पुढे विरून जाते. एक सतत चढतो. दुसरी येते आणि जाते. एकाच घरची माणसं इतकी वेगळी वागतील कशी? दोन दुखणी होती.

थरथरीचा मग मी हिशेब मांडला. टायरवर लिहिलेलं असतं १८५/६५ आर १५. म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि आतली रिम १५ इंची. रिमचे ३८१ मिलिमीटर, वर आणि खाली रबराचे मिळून २४० आणि थोडे, एकूण व्यास ६२१ च्या आसपास. परीघ १ मीटर ९५ सेंटिमीटर. ताशी नव्वद म्हणजे सेकंदाला बरोबर २५ मीटर. भागाकार केला तर चाक सेकंदाला पावणेतेरा फेऱ्या मारतं. इंजिन त्या वेगाला मिनिटाला सत्तावीसशे, म्हणजे सेकंदाला ४५ फेऱ्या. फोनमध्ये कंपनं मोजणारं एक फुकटचं अ‍ॅप घेतलं, फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवला आणि नव्वदला गाडी धरली. नवरा शेजारून ओरडला, "तेरा! बाराच्या वर, तेराच्या जवळ!" चाकाच्या एका फेरीला एक धक्का. आयुष्यात ताळेबंद पुष्कळ जुळवले, पण इतका आनंद झाल्याचं आठवत नाही.

आणि नव्वदलाच का? झोपाळ्याला योग्य क्षणी ढकललं की तो चढतो, अवेळी ढकललं की अडखळतो. चाकाचा धक्का सस्पेन्शनच्या स्वतःच्या लयीत पडतो तो वेग आमच्या गाडीत नव्वदचा होता. त्याच्या अलीकडे-पलीकडे धक्का तोच, पण झोपाळा साथ देत नाही.

आता कळीचा प्रयोग. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे, ज्या त्या बाजूलाच. घूं आवाज टायरचा असेल तर तोही चाकासोबत जागा बदलेल किंवा निदान त्याची तऱ्हा तरी बदलेल. बेअरिंगचा असेल तर हलणार नाही, कारण बेअरिंग गाडीच्या अंगातच राहतं. आणि थरथर चाकातलीच असेल तर स्टीअरिंगमधून उठून सीटखाली जाईल. पुढच्या चाकाचं दुखणं हाताला कळतं, मागच्याचं बसायच्या जागेला.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसले. वॉचमनकाका खुर्ची घेऊन आले, वरून दोन आजोबाही उतरले. चार चाकं आणि एक जॅक, म्हणजे स्टेपनीची मदत घ्यावी लागते: पुढचं चाक काढून तिथे स्टेपनी, पुढचं मागे, मागचं पुढे, स्टेपनी पुन्हा डिकीत. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, नाहीतर चाक हवेत गरगरत राहतं. आवळताना समोरासमोरचे, एकाआड एक. शेजाऱ्यांकडून आणलेला लोखंडी स्टँड दर वेळी खाली सरकवला, कारण नुसत्या जॅकवर उभी असलेली गाडी कुणाचीच नसते. दीड तास लागला. आजोबांपैकी एक म्हणाले, "पंक्चर आहे का?" मी म्हटलं, "नाही, प्रयोग आहे." त्यांनी मान डोलावली आणि मग वॉचमनकाकांकडे बघितलं.

संध्याकाळी खेड शिवापूरपर्यंत गेले. घूं जिथल्या तिथे, त्याच सुरात, उजव्या वळणावर तितकाच मोठा. म्हणजे टायर निर्दोष, चोवीस हजार वाचले. आणि नव्वदला स्टीअरिंग देवासारखं स्थिर! सीटखाली मात्र कुणीतरी पिठाची चाळण हलवत होतं. मी एकटीच होते, तरी मोठ्याने "गेलं मागे!" असं ओरडले.

दुसऱ्या दिवशी वस्तादांकडे. आमच्या भागातलं छोटंसं गॅरेज, एक लिफ्ट, एक प्रेस, भिंतीला पाने. माझी डायरी त्यांनी उघडली, वाचली आणि कामगार पोराला म्हणाले, "बघ रे, असं लिहून आणलं तर आपलं निम्मं काम होतं." तिथे येणारी माणसं बहुतेक तोंडाने आवाज काढून दाखवतात. त्यालाही किंमत असते, आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना कटकट-कटकट आलं की वस्ताद वाकून अ‍ॅक्सलच्या सीव्ही जॉइंटचं, म्हणजे चाक वळतं तिथल्या सांध्याचं, रबरी बूट फाटलंय का आणि रिमच्या आतून ग्रीस उडालंय का ते बघतात. बारीक खड्ड्यांवर हळू जाताना खटखट म्हटलं तर सस्पेन्शनचा लिंक रॉड, तो नुसता हाताने हलवला तरी वाजतो. सकाळी गार इंजिनवर चीं केलं तर बेल्ट. एका ठरावीक आरपीएमलाच झर्रर्र असं पातळ पत्र्यासारखं वाजलं तर सायलेन्सरवरचं उष्णता अडवणारं पान सैल झालेलं, एका साध्या क्लिपमध्ये काम होतं. "पण 'गाडी आवाज करते' म्हणून कुणी आलं ना ताई, तर मी त्याला म्हणतो, करणारच, गाडी आहे."

गाडी लिफ्टवर गेली. वस्तादांनी पुढचं डावं चाक वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवलं. काहीही हललं नाही. माझा चेहरा पडला. सर्व्हिस सेंटरनेही रिपोर्टात हेच लिहिलं होतं: प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही, बेअरिंग ठीक.

"प्ले यायला अजून वेळ आहे," वस्ताद म्हणाले. "प्ले आला म्हणजे बेअरिंग संपलं. बोलायला ते आधीपासून लागतं. हात द्या इकडे."

त्यांनी माझा हात पुढच्या सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. आधी उजवं. चाक फिरत होतं, ब्रेक पॅडची बारीक घासघूस कानाला येत होती, पण स्प्रिंगमध्ये काहीच नव्हतं, गार लोखंड. मग डावं. बोटांखाली काहीतरी किरकिरलं. जात्यात ज्वारीसोबत वाळूचा कण आला की खुंट्यावरच्या हाताला जे जाणवतं, तेच, तसंच. कानाला तेव्हाही काही ऐकू येत नव्हतं. तीन आठवडे मी कानाने शोधत होते आणि उत्तर बोटांना पाच सेकंदांत मिळालं.

बेअरिंग आणायला मी स्वतः नाना पेठेत गेले. तिथे एकाच नंबरचं बेअरिंग तीन भावांत मिळतं आणि तिन्ही दुकानदार आपलंच ओरिजिनल असल्याची शपथ घेतात. वस्तादांनी मेकचं नाव आणि नंबर चिठ्ठीवर लिहून दिला होता, त्यापलीकडे जायचं नाही असा दम भरून. साडेसोळाशे रुपये. मुठीत मावेल एवढी वस्तू, पण हातात घेतली की वजन कळतं.

बसवण्याचं काम मात्र घाईचं नाही. अ‍ॅक्सलचा मोठा नट सोडवा, ब्रेकचं कॅलिपर तारेने वर टांगा, नळीवर लोंबकळत सोडायचं नाही, मग बेअरिंग ज्यात बसतं तो नकल बाहेर काढा आणि प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, चाक ज्यावर बसतं तो हब दाबून वेगळा करा. जुन्या बेअरिंगचं आतलं कडं हबवरच अडकून बसलं होतं, ते ग्राइंडरने चर पाडून छिन्नीने फोडावं लागलं. नवं बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्या कड्यावर दिला तर तो गोळ्यांतून जातो, गोळ्या आपल्या वाटेवर खळ्या पाडतात आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून बोलायला लागतं. हातोड्याने ठोकून बसवणाऱ्यांकडे म्हणून जायचं नाही. आणखी एक गंमत: या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची पट्टी असते, ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या एबीएसचा सेन्सर चाकाचा वेग तिच्यावरून वाचतो. उलटं बसलं तर गाडी चालेल, पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागेल आणि सगळं पुन्हा खोलावं लागेल. वस्तादांनी खिशातून टाचणी काढली, दोन्ही बाजूंना लावून बघितली, एका बाजूला चिकटली. "ही आत." एवढंच.

जुनं बेअरिंग त्यांनी मला उघडून दाखवलं. ग्रीस पिवळं असायला हवं होतं, ते चहाच्या गाळासारखं झालं होतं. बाहेरच्या कड्याच्या आतल्या गुळगुळीत वाटेवर, एका जागी, नखाएवढ्या भागात पोलादाचे पापुद्रे उडाले होते. त्या खडबडीत तुकड्यावरून गोळ्या एकामागोमाग जायच्या आणि आईला विमान ऐकू यायचं. "पाण्यातून घातली होती का गाडी?" वस्तादांनी विचारलं. घातली होती. जुलैत सिंहगड रस्त्यावर, अर्धं चाक बुडेल इतक्या पाण्यातून, आणि पलीकडे निघाल्यावर शाबासकीही मिळवली होती.

राहिली थरथर. ती आता मागे होती, पण डाव्या चाकात की उजव्या? इथे पुन्हा स्टेपनी कामाला आली. एकेका मागच्या चाकाच्या जागी तिला लावून बघितलं. उजवं निघालं आणि चाळण थांबली. ते चाक टायरवाल्याकडे नेलं. त्याने बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं, मशीन म्हणालं शून्य. मग त्याने एक स्क्रूड्रायव्हर स्थिर धरून टोक रिमच्या आतल्या काठाजवळ नेलं आणि चाक हाताने फिरवलं. टोक आणि काठ यांच्यातली फट अर्ध्या फेरीत रुंद झाली, अर्ध्या फेरीत जवळजवळ मिटली. दोनेक मिलिमीटर. रिम आउट होती, कुठल्या तरी खड्ड्याची मेहेरबानी, आणि आतल्या बाजूला असल्यामुळे बाहेरून बघताना कळायचा प्रश्नच नव्हता. मशीन वजन तोलतं. चाक गोल आहे की नाही, हे ते बिचारं सांगत नाही. वाकड्या चाकालाही शिशाचे तुकडे चिकटवून शून्यावर आणता येतं, ते रस्त्यावर तरीही उड्याच मारतं. माझ्या हिरव्या चौकोनांचा अर्थ एवढाच होता. स्टेपनीची रिम आमच्या गाडीत बाकीच्यांसारखीच आहे, म्हणून तीच कायमची लावली आणि वाकडी सरळ करून डिकीत टाकली.

सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत भागलं. त्यात चार दिवसांनी नट पुन्हा आवळून घेण्याची मजुरी वस्तादांनी लावली नाही.

आणि मग शांतता. कात्रजचा बोगदा, शिवापूर, शिरवळ, सगळीकडे फक्त वाऱ्याचा आवाज. ती शांतता शिरवळच्या थोडी पुढे टिकली असेल नसेल, तेवढ्यात मला नवीन टकटक ऐकू आली. उजवीकडून, मागून. टक. टक-टक. टक. माझ्या पोटात गोळाच आला. लिंक रॉड? मागचा शॉक अ‍ॅब्झॉर्बर? गाडी बाजूला घेतली, नवऱ्याला मागे बसवलं, डायरी उघडली. नवऱ्याने दोन किलोमीटर ऐकलं, मग हात लांब करून रिकाम्या सीटचा बेल्ट खेचला. त्याचं धातूचं बक्कल दाराजवळच्या प्लॅस्टिकवर आपटत होतं. बहुधा वर्षानुवर्षं आपटत असणार, विमानाखाली ऐकू आलं नाही. "लिही," तो म्हणाला, "आवाज: बंद. खर्च: शून्य."

साताऱ्यात मामा दारातच उभे होते. आईला उतरवून घेतलं आणि स्वतः मागच्या सीटवर चढून बसले. वाढे फाट्यापर्यंत डोळे मिटून ऐकत होते. परत आल्यावर दार लावून घेत म्हणाले, "बेस. डिफ्रन्शल चांगलं बसवलंय त्यानं."